ज्याच्यासाठी मदत मागतोय तो तिसऱ्या बाकावरच बसलाय

आमच्या चर्चच्या मंडळीचं महिन्याचं पत्रक मी लिहिते. नेमलंबिमलं कोणी नाही, मराठी टायपिंग येतं आणि तोंडावर नाही म्हणता येत नाही एवढ्या दोनच पात्रता. पत्रक म्हणजे काय तर ए-फोरचा एक कागद, पाठपोट, त्यात वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, आजाऱ्यांची नावं, कुठल्या रविवारी कोणाचा संदेश म्हणजे प्रवचन, आणि मागच्या बाजूला खाली एक चौकट, तिच्यात मदतीचं आवाहन. हेच आवाहन मग ग्रुपवर जातं आणि उपासनेत दानाच्या आधी सेक्रेटरीकाका ते माईकवरनं वाचतात. वह्या, दप्तरं, फी, नाताळचे कपडे, कोणाच्या पोराचं ऑपरेशन, सगळं त्या एका चौकटीत. तर परवा खडकीच्या मैत्रिणीचा फोन आला, तीपण तिच्या चर्चचं असंच काहीतरी बघते, म्हणाली अगं आमच्याकडे कितीही कळवळून लिहिलं तरी हाताला काही लागत नाही, तुम्ही काय लिहिता? तिला जे सांगितलं तेच जरा नीट मांडून इथे टाकतेय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी सूचनांची वेळ म्हणजे काय प्रकार असतो ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. संदेश वीस मिनिटं म्हणून सुरू होऊन पाऊण तासावर गेलेला असतो, संडे स्कूलची पोरं सुटून आईबापाच्या मांडीवर येऊन चुळबुळ करत असतात, मागच्या बाकावरच्या तरुण मंडळींनी मोबाईल काढलेले असतात, बायकांच्या डोक्यात घरचा कुकर, आणि तेवढ्यात माईकवर सुरू होतं, "ख्रिस्तामध्ये प्रिय बंधुभगिनींनो, आपणांस कळविण्यात येते की प्रतिवर्षाप्रमाणे याही वर्षी आपल्या मंडळीतर्फे गरीब, गरजू व होतकरू विद्यार्थ्यांना…" संपलं. पुढचं कोणी ऐकत नाही. हे वाक्य आपण लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की ते आता पंख्याच्या आवाजात मिसळून जातं. ग्रुपवर टाकलं तर आमेनचा पाऊस पडतो, हात जोडलेले, कबुतर, गुलाब, आणि वही एकपण नाही.

काकांशी माझं यावरनं बरेचदा होतं. माणूस अतिशय सज्जन, रेल्वेतनं रिटायर झालेले, हिशोबाला एकदम पक्के, पण सूचना म्हणजे ती सरकारी भाषेतच पाहिजे असं त्यांचं ठाम मत.

"काका, किती वह्या लागणारेत तो आकडा लिहू ना."

"अगं बाळा, आकडा कशाला? ज्याला जेवढं जमेल तेवढं देईल. दान आहे ते, उधारी नाही."

"पण काका, जेवढं जमेल म्हणलं की घरी जाईपर्यंत काहीच जमेनासं होतं."

यावर ते चष्मा काढून पुसतात. म्हणजे पटलंय, पण कबूल करायचं नाहीये.

आता खरा मुद्दा, जो मला या कामात सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो. मुलांसाठी मदत मागायचे जे साचे आपल्याकडे आलेत ना, ते जवळजवळ सगळे बाहेरनं आलेत, आणि ते अशा चर्चसाठी बनलेत जिथे देणारा एका खंडात आणि मूल दुसऱ्या खंडात. 1950 साली बॉब पिअर्स यांनी वर्ल्ड व्हिजन सुरू केली, 1952 मध्ये एव्हरेट स्वान्सन यांनी कोरियातल्या युद्धात अनाथ झालेल्या पोरांसाठी काम काढलं, त्यातनंच पुढे कम्पॅशन ही संस्था झाली. पद्धत साधी, अमेरिकेतल्या चर्चमध्ये रविवारी एक टेबल मांडायचं, त्यावर मुलांचे फोटो असलेली कार्डं, नाव, वय, देश, आवडता खेळ, तुम्ही एक कार्ड उचलायचं आणि महिन्याला ठरावीक रक्कम द्यायची, मूल तुम्हाला पत्र लिहिणार. याने लाखो मुलं शिकली हे खरंय, मी त्याला नावं ठेवत नाही. तिथल्या बाकावर बसलेल्या माणसाला दहा हजार किलोमीटरवरचं मूल दिसावं म्हणून फोटो लागतो, गोष्ट लागते, डोळ्यातलं पाणी लागतं, कारण दुसरं काही नाहीच त्याच्याकडे.

पण आमच्याकडे? आमच्याकडे तो पोरगा तिसऱ्या बाकावर बसलाय. आईच्या शेजारी, केसाला तेल लावून चापून भांग पाडलेला. त्याची आई उपासनेनंतर चपला सरळ करून ठेवते, तिला सगळे ओळखतात, त्याचे वडील गेले तेव्हा निम्मी मंडळी कबरस्थानात होती. आणि माईकवरनं आपण वाचतोय, "वडिलांचे छत्र हरपलेल्या एका गरीब कुटुंबातील मुलाला". नाव घेतलं नाही म्हणून आपण खूश, पण चर्चमधल्या पन्नास माना हळूच त्या बाकाकडे वळतात आणि पोरगा बुटाच्या नाडीशी खेळायला लागतो. तो अकरा-बारा वर्षांचा असतो, त्याला सगळं कळतं.

म्हणून माझी एकच कसोटी आहे. चौकटीतला मजकूर लिहून झाला की तो पोरगा समोर बसलाय असं धरून मोठ्यांदा वाचायचा. जिथे आवाज अडकेल ते वाक्य काढायचं. बास. "छत्र हरपलेल्या" जातं, "हलाखीच्या परिस्थितीत" जातं, "आपल्या एका छोट्याशा मदतीने त्याचे आयुष्य उजळेल" तर पहिलं जातं. उरतं काय? उरतात वस्तू, आकडे आणि तारखा. आणि गंमत अशी की हेच उरलेलं लोकांना हलवतं, रडकं काही नाही.

आमच्या मंडळीत एक ताई आहेत, आता पन्नाशीच्या, श्रीरामपूरकडच्या. त्या लहानपणी एका परदेशी योजनेत होत्या, कुठल्या ते त्यांनी सांगितलंय पण लिहीत नाही. त्यांना दर वर्षी फोटोला उभं करायचे. त्या सांगतात की नवीन फ्रॉक घालून आले तर मास्तर म्हणायचे जुना घालून ये. आणि पत्र. पत्राचा नमुना फळ्यावर लिहिलेला असायचा, माझे नाव अमुक, माझा आवडता रंग तमुक, मी तुमच्यासाठी रोज प्रार्थना करते, सगळ्या पोरींची पत्रं सारखीच, फक्त रंग बदलायचा. ताई म्हणतात, "मला शेळी आवडायची गं आमची, ती व्याली तेव्हा मला लिहायचं होतं तिच्याबद्दल, तर म्हणले ते नको, रंग लिही." शिक्षण झालं त्यांचं, नर्स झाल्या, त्या पैशाबद्दल त्यांना कृतज्ञता आहेच, पण फोटोचं निघालं की अजून चेहरा बदलतो.

तसंही तो परदेशी पैशाचा जमाना आता मागे पडत चाललाय. कम्पॅशनने 2017 च्या मार्चमध्ये भारतातलं काम बंद केलं, तेव्हा त्यांच्या योजनेत इथली सुमारे 1 लाख 45 हजार मुलं होती. परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 मध्ये बदल झाला, आता एका संस्थेला आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, म्हणजे मोठी संस्था घेणार आणि गावाकडच्या छोट्या बोर्डिंगला देणार ही साखळीच तुटली. माझे आजोबा नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या बोर्डिंगात शिकले, त्यांच्या पिढीतले निम्मे तसेच. त्यांच्या जेवणाचे पैसे कुठून यायचे ते त्यांना माहीतपण नव्हतं, बाहेरून येतात एवढंच. आता बाहेरनं येत नाहीत. म्हणजे आता मागायचं ते एकमेकांकडेच, आणि एकमेकांकडे मागायची भाषा आपल्याला कोणी शिकवलीच नाही.

खरं तर ती आपल्याच गावात होती. पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, आपण सगळ्यांनी आजी-आजोबांकडनं ऐकलंय. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. माधुकरी मागून शिकलेल्यांच्या तर किती गोष्टी. 1909 साली इथे अनाथ विद्यार्थी गृह निघालं, आजचं पुणे विद्यार्थी गृह, ते याच हवेतनं. त्यात जातीपातीचे सोवळेओवळे नियम होते आणि आमच्या पूर्वजांना त्या वाराच्या ताटावर कोणी बसवलं नसतं हेपण खरंच आहे, ते विसरून गोडवे गायला मी बसलेली नाही. पण पद्धत बघा ना, "गरीब विद्यार्थ्यांना यथाशक्ती मदत करा" असं कोणी म्हणत नव्हतं, तुमच्याकडे मंगळवार, एवढंच. मंगळवार आला की ताट वाढायचं. तिकडे मिझोराममध्ये चर्चच्या बायका 1910 पासून रोज स्वयंपाक करताना मूठभर तांदूळ बाजूला काढतात, तो चर्चसाठी गोळा होतो, आजतागायत चालू आहे. मूठ किती ते ठरलेलं, वेळ ठरलेली. कळवळा यायची वाट बघत बसावं लागत नाही.

म्हणून आता आमची जूनची चौकट अशी असते, मागच्या वर्षीची जशीच्या तशी देते, फक्त शेवटची एक ओळ सोडून, तिच्याबद्दल पुढे सांगते:

"शाळा 16 जूनला सुरू. लागणार: 200 पानी सिंगल लाईन वह्या 96, 100 पानी चौकट वह्या 40, चार रेघी 30, कंपास 14, काळे बूट साइज 2 ते 6 मिळून 11 जोड, निळी दप्तरं 9. वह्या अप्पा बळवंत चौकातून एकदम घेणार, डझनाला पडेल तो भाव सांगू. ज्यांना बूट घ्यायचेत त्यांनी साइज आधी सांगून घ्या म्हणजे दोघांचं एकच यायला नको. शेवटची तारीख 7 जून. कुठल्या घरी काय जातंय ते फक्त दोघी जणींना माहीत आहे, विचारू नका."

ही काकांनी वाचली तेव्हा त्यांना चौकट वह्या आणि चार रेघी यात अडखळायला झालं, लोक हसले, आणि हसले म्हणजे ऐकत होते. उपासना सुटल्यावर एक आजोबा, ज्यांनी आजवर दानपेटीच्या पलीकडे कधी काही दिलं नव्हतं, ते येऊन म्हणाले साइज 4 चे बूट माझ्याकडे लिहा. का 4? म्हणाले, माझ्या नातवाचा 4 आहे, मला दुकानात नेऊन मापाला कोणीतरी मिळेल. लोकांना काय द्यायचं ते कळलं की देतात हो.

वह्यांच्या यादीचा एक वेगळाच घोळ मध्ये झाला होता. 2023-24 पासून दोन वर्षं सरकारने बालभारतीच्या पुस्तकातच प्रत्येक धड्यामागे कोरी पानं घातली होती, पुस्तकाचे चार भाग केले, उद्देश दप्तराचं ओझं कमी आणि वह्यांचा खर्च कमी. मग आम्हालापण वाटलं वह्या कमी लागतील, पण शाळांनी वह्या मागायच्या त्या मागितल्याच. आता ती कोरी पानं बंद झाली. पुस्तकं आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळांत फुकट मिळतात, म्हणून "पुस्तकांसाठी मदत करा" असं लिहायचंच नाही, ज्याला माहितीये तो लगेच म्हणतो पुस्तकं तर फुकट असतात, आणि मग पुढच्या सगळ्या यादीवरचा त्याचा विश्वास उडतो. नववी-दहावीला मात्र लागतात, गाईडं तर जास्तच, आणि जुनी दिली तरी चालतात फक्त त्याच वर्षीच्या अभ्यासक्रमाची पाहिजेत. रद्दीत टाकायच्या लायकीची गाईडं चर्चच्या ऑफिसात आणून टाकणाऱ्यांना मी एकदा पत्रकातून चार शब्द सुनावलेत, ते परत करायला लागलं तर करीन.

तारखेचंही महत्त्व आहे. मे महिन्यात निम्मी मंडळी गावाला, जालना, नगर, श्रीरामपूर, म्हणून मेमध्ये माईकवर घसा कोरडा करण्यात अर्थ नाही, मेमध्ये फक्त ग्रुपवर टाकायचं आणि खरी सूचना जूनच्या पहिल्या रविवारी, कारण त्या दिवशी प्रभुभोजन असतं, सगळे येतात, आणि पगारही नुकताच झालेला असतो. महिन्याच्या पंचवीस तारखेला मागितलेली मदत म्हणजे देणाऱ्यालाच लाजवणं आहे.

आता एक असं काम सांगते ज्यात पैसे लागतच नाहीत आणि तरी चौकटीत त्याला पहिली जागा पाहिजे. ज्या मुलाचे आई किंवा वडील वारलेत, किंवा दोघंही नाहीत आणि नातेवाईक सांभाळतायत, अशांसाठी राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे, आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे, महिन्याला 2250 रुपये मिळतात. पूर्वी 1100 होते, 2023 मध्ये वाढवले. वर्षाचे 27 हजार झाले! आमच्या अख्ख्या मंडळीचं जूनचं कलेक्शन एका मुलामागे त्याच्या आसपास पण जात नाही. पण त्यासाठी मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार, बँकेचं पासबुक, मग महिला व बालविकासच्या ऑफिसला अर्ज, मग बालकल्याण समितीसमोर मुलाला घेऊन जायचं. चार घरची धुणीभांडी करणारी बाई यातल्या प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी घालवते आणि तिसऱ्या खेपेला सोडून देते. म्हणून आम्ही लिहिलं, "एक माणूस पाहिजे, ज्याच्याकडे टू-व्हीलर आहे, आठवड्यात एक सकाळ मोकळी आहे आणि सरकारी ऑफिसात रांगेत उभं राहिल्यावर ज्याचं डोकं फिरत नाही." दोघं रिटायर्ड पुढे आले. एक टेल्कोतले, एक पोस्टातले. पोस्टातले तर अर्ज भरायचे इतके शौकीन निघाले की आता त्यांच्या घरी शेजारपाजारचे लोकपण कागद घेऊन येतात. मला वाटतं आमच्या चौकटीतनं झालेलं सगळ्यात मोठं काम हेच.

फोटोंबद्दल मात्र मी अजिबात ऐकून घेत नाही, आणि इथे फक्त माझं मत नाही, कायदा आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 74, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा, फोटो काहीही छापायचं किंवा प्रसिद्ध करायचं नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अनाथाश्रमात केक कापायला जाऊन, पोरांना ओळीत बसवून, हातात बिस्किटाचे पुडे देऊन जो ग्रुप फोटो आपण स्टेटसला ठेवतो ना, तो यातच येऊ शकतो. शिवाय पंधरा ऑगस्ट आणि नाताळच्या आठवड्यात त्या पोरांना दिवसाला चार केक खायला लागतात आणि जुलैमध्ये कोणी फिरकत नाही. जायचंच असेल तर आधी फोन करून विचारा काय पाहिजे, बहुतेक वेळा उत्तर असतं अंगाचा साबण, सॅनिटरी पॅड, अंतर्वस्त्रं, जे कोणी आणत नाही कारण ते फोटोत चांगलं दिसत नाही. आणि संस्था नोंदणी झालेली आहे ना, बालकल्याण समितीमार्फत मुलं येतात ना, हे विचारायला लाजायचं नाही. कुठे गडबड वाटली तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाईन आहे.

यावर तरुण संघातला एक जण म्हणाला, ताई फोटो नाही, नाव नाही, गोष्ट नाही, मग लोकांना विश्वास कसा बसणार की पैसे पोचले? प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर हिशोब. पुढच्या महिन्याच्या पत्रकात त्याच चौकटीत, किती आले, किती लागले, दुकानाच्या बिलाची रक्कम, काय उरलं, उरलेलं कुठे ठेवलं. क्यूआर कोड मंडळीच्या ट्रस्टच्या खात्याचा, स्कॅन केल्यावर ट्रस्टचं नाव दिसलं पाहिजे, पाळकसाहेबांचं किंवा सेक्रेटरींचं नाही, मग ते कितीही देवमाणूस असोत. यात काकांनी मात्र कमाल केली, त्यांनी रेल्वेच्या सवयीने असा ताळेबंद करून दिला की बुटाच्या दुकानदाराने सोडलेले वीस रुपयेपण त्यात होते. कोणी पावतीबद्दल विचारलं तर आम्ही सरळ सांगतो की आमच्याकडे 80जी नाही, करसवलत पाहिजे असेल तर नोंदणी असलेल्या संस्थेला द्या, आणि तिथेपण दोन हजारांच्या वर रोख देऊ नका, सवलत मिळत नाही.

हिशोबाचं आणि मुदतीचं हे शहाणपण आम्हाला सुचलेलं नाही, त्यात आमची एक जुनी शेजारीण आहे, पंडिता रमाबाई. 1887 मध्ये त्यांनी बोस्टनला जी रमाबाई असोसिएशन उभी केली ती दहा वर्षांच्या मदतीच्या बोलीवर. कायमची दया करा असं म्हणलं नाही, दहा वर्षं. त्या पैशावर 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन ही विधवा-मुलींची निवासी शाळा निघाली, पुढच्या वर्षी पुण्यात आली. आणि 1893 मध्ये काय झालं तेपण आठवायला पाहिजे, सदनातल्या मुलींना ख्रिस्ती करतात असा गदारोळ उठला, केसरीने लावून धरलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातनं बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. हेच ते पुणे जिथे 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांपर्यंत सगळ्यांवर प्रायश्चित्ताचं रामायण झालं. त्या शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, ज्यांनी पुढे धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं, त्या काही ख्रिस्ती झाल्या नाहीत, पण गदारोळाला असल्या तपशिलाशी कधी घेणंदेणं असतं? मग 1896-97 चा दुष्काळ पडला आणि रमाबाईंनी मध्य प्रांतातनं सुमारे तीनशे मुली-बायका आणून केडगावला ठेवल्या, दौंड लाईनवरचं केडगाव, आपल्याकडनं लोकलने जाता येतं, मुक्ती मिशन अजून आहे. तिथे मुली शेती करायच्या, विणकाम करायच्या, छापखाना स्वतः चालवायच्या. मला ते छापखान्याचं फार आवडतं. ज्यांच्यासाठी पैसे मागायचे त्यांच्याच हातात छपाईचे खिळे.

1893 ची ती गोष्ट मी आमच्या कमिटीत मुद्दाम सांगते, कारण आजकाल ग्रुपवरचा कुठलाही मेसेज स्क्रीनशॉट होऊन कुठेही फिरतो. आमच्या यादीत मंडळीतली मुलं आहेत तशी चर्चच्या मागच्या चाळीतलीपण आहेत, तिथे सगळे धर्म आहेत. वही घेऊन जाताना प्रार्थनेची अट नाही, पत्रक नाही, संडे स्कूलला या नाही. हे मनात असून उपयोग नाही, कागदावर पाहिजे, म्हणून चौकटीच्या शेवटच्या ओळीत ते लिहिलेलं असतं. एका वडीलधाऱ्यांना ते लागलं, म्हणाले आपण साक्ष द्यायची नाही का, म्हणजे ख्रिस्ताबद्दल सांगायचं नाही का? मी म्हणलं साहेब, बूट बरोबर मापाचा गेला की बास.

देणाऱ्यांची नावं छापायची का यावर मात्र आमच्यात अजून भांडण आहे. डाव्या हाताला कळू नये वगैरे सगळ्यांना पाठ आहे, पण यादीत नाव नाही आलं तर रुसणारेपण तेच. महिला मंडळाचं म्हणणं नावं छापा, त्याने चार जास्त येतात. मी छापत नाही. त्यांचं आर्थिकदृष्ट्या बरोबर असेल कदाचित, पण देणाऱ्यांची यादी छापली की न देणाऱ्यांचीपण आपोआप छापली जाते, आणि त्यात ती चपला सरळ करणारी आई असते.

सध्या डोक्यात नाताळ आहे. तरुण संघाला एंजल ट्री करायचंय, इंस्टावर बघितलं असणार. चर्चमध्ये ख्रिसमस ट्री, त्याला चिठ्ठ्या टांगलेल्या, प्रत्येक चिठ्ठीवर एका मुलाला काय पाहिजे ते, तुम्ही चिठ्ठी काढायची आणि वस्तू आणून द्यायची. सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेने हे 1979 मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका मॉलमध्ये सुरू केलं. पण त्याच नावाची एक दुसरी योजना आहे, 1982 ची, अलाबामाची, ती मला जास्त पटते. मेरी के बिअर्ड नावाच्या बाई, स्वतः तुरुंगात राहून आलेल्या. आत असताना त्यांनी बघितलं होतं की कैदी आया चर्चवाल्यांनी वाटलेले साबण, टूथपेस्ट स्वतः न वापरता जपून ठेवतात आणि नाताळला भेटायला आलेल्या पोरांना तेच गिफ्ट म्हणून बांधून देतात. म्हणून त्यांनी प्रिझन फेलोशिप या कैद्यांसाठी काम करणाऱ्या ख्रिस्ती संस्थेसाठी जी योजना काढली त्यात गिफ्ट आणतं चर्च, पण मुलाच्या हातात जातं ते त्याच्या तुरुंगातल्या आईच्या किंवा बापाच्या नावाने. पोराला वाटतं आईने पाठवलं. चर्च मध्ये दिसतच नाही.

आम्हीपण तसंच करायचं म्हणतोय. चिठ्ठीवर नाव नाही, वय नाही, फक्त वस्तू आणि माप, "मुलीचा स्वेटर, 30 साइज, लाल सोडून कुठलाही", असं. वस्तू बांधायची नाही, बिल आत ठेवायचं म्हणजे माप चुकलं तर बदलता येईल, आणि कागद-रिबन वेगळं द्यायचं, घरी आईच बांधेल. 25 तारखेला स्टेजवर बोलावून सांताच्या हातनं वाटप हे रद्द. यावर तरुण संघ जरा हिरमुसलाय कारण सांताचा ड्रेस आधीच आणलाय, त्यांना म्हणलं कॅरोल राऊंडला घाला. आयांना आधी विचारलंय, त्यातल्या दोघींनी नको म्हणलं, त्यांचं नाव यादीतनं काढलं, कारण विचारलं नाही.

चिठ्ठ्या नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी लागतील. स्वेटर तिबेटी बाजारातनं घेणार असाल तर घासाघीस करा, ते सांगतात त्यात बरंच कमी होतं. आणि कोणाकडे जाड दोरा आणि लाकडी चिमटे असतील तर प्लीज ऑफिसात आणून ठेवा, मागच्या वर्षीचे कोणीतरी धुणं वाळत घालायला नेलेत.